क्लॅरिनेटवाल्याचा उजवा पाय

"तोंड उघड," मी म्हणालो.

विश्राम घडशीनं नुसती मान हलवली.

"उघड म्हणतो ना. अख्ख्या बँडचं सामान जमा झालं, तुझ्या क्लॅरिनेटची पत्ती तेवढी कमी आहे. आणि मघापासून तू गालात काहीतरी धरून बोलतोयस."

त्यानं नाइलाजानं तोंड उघडलं. जिभेखाली ती वेताची पातळ पत्ती होती. क्लॅरिनेटमध्ये फुंकर घातली की थरथरते ती हीच. ती काढून घेतली की उरलेलं वाद्य म्हणजे भोकं पाडलेली काठी.

"सुकली तर चिरते, दादा," तो म्हणाला. "तोंडात ओली राहते."

"आणि गिळलीस म्हणजे? सरकारी माल आहे तो. परत कसा घेणार तुझ्याकडून?"

त्याच्या मागे उभा असलेला सोमा वायंगणकर खिंकाळला. "दादा, माझा ढोल तोंडात मावत नाय म्हणून जमा करतोय हां. नायतर मीपण नेला असता."

पत्ती मी विश्रामकडेच राहू दिली. क्लॅरिनेट मात्र पेटीत गेलं. जाण्याआधी त्यानं ते स्वतःच्या मफलरनं पुसलं आणि पेटीचं झाकण लावताना असा हळू हात लावला, की जणू आत कुणी झोपलंय.

एकाहत्तरची लढाई तोंडावर आली होती. पलटण पंजाबात सरहद्दीजवळ उसाच्या शेतांमागे येऊन पडली होती आणि मी तिच्या स्टोअरचा हवालदार, येवले. माणसं मला भेटायची ती दोनच वेळा, काहीतरी घ्यायला किंवा काहीतरी परत करायला. या दोन वेळांत माणूस जेवढा कळतो तेवढा लग्नाच्या बायकोलाही कळत नाही, असं माझं मत होतं. अजूनही फारसं बदललेलं नाही.

शांततेत बँडवाले वाजवतात. लढाई लागली की त्यांची वाद्यं पेट्यांत जातात आणि हातात स्ट्रेचर येतं. पलटणीतला हा जुना रिवाज. बाकीचे गोळ्या झाडणार आणि हे पडलेल्यांना उचलून आणणार. विश्रामला त्याचं काही वाटत नव्हतं. राजापूरकडच्या देवळात त्याच्या घराण्याची सनईची सेवा होती. देवापुढे फुंकायचं ते साहेबांपुढे फुंकू, एवढाच फरक धरून तो भरती झाला होता. मिसरूड बेताची, छाती मात्र भात्यासारखी. बँडमास्तर सुभेदार बारेटो साहेबांनी स्वतः एक संथ चाल बांधली होती, हुतात्म्यांच्या सलामीसाठी. तिच्या मधोमध सगळी वाद्यं गप्प होतात आणि एकटं क्लॅरिनेट बोलतं. ते बोलणं साहेबांनी विश्रामच्या स्वाधीन केलं होतं. दुसऱ्या कुणी तो तुकडा नुसता गुणगुणला तरी बारेटो साहेबांचं डोकं दुखायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्ट्रेचरची तालीम सुरू झाली. शिकवायला हवालदार केरबा मगदूम, दवाखान्यातला, कागलकडचा. जखमी म्हणून माझ्या स्टोअरचं आट्याचं पोतं. पोत्यावर मगदूमनं पाण्यानं भरलेली परात ठेवली.

"सांडलं न्हाई पायजे," तो म्हणाला. "उचला. चला."

पुढे सोमा, मागे विश्राम. दोघं ऐटीत निघाले. डावा, उजवा, डावा, उजवा. वर्षानुवर्षं ढोलाच्या ठोक्यावर पडलेली पावलं. एका माणसाला चार पाय असावेत तशी पडत होती. आणि पावलागणिक स्ट्रेचर खालीवर होत होतं. दहा पावलांत परात रिकामी आणि माझा आटा ओला.

"आरं ही वरात हाय व्हय?" मगदूम ओरडला. "कदम तोडा! एकाचा डावा तर दुसऱ्याचा उजवा. दोघं एका पायावर पडला की स्ट्रेचर उसळतंय. मांडी मोडल्याला माणूस असल त्यावर. बोंब मारील!"

बाकीच्या बँडवाल्यांना ते दोन दिवसांत साधलं. या दोघांना काही केल्या साधेना. निघायचे वेगवेगळ्या पायांवर, पण चार पावलं गेली की पुन्हा जुळायचेच. मला मजा वाटायची. आयुष्यभर जे नीट करायला शिकले, तेच आता चूक ठरत होतं आणि पायांना हे कळवायला कुणी जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बारेटो साहेब आले. परात सांडताना त्यांनी पाहिली आणि विश्रामला बाजूला घेतलं. मी पोत्यापाशीच होतो.

"पुता, ऐक. सी.ओ. साहेबांनी सांगितलंय, स्ट्रेचर ज्याला जमणार नाही तो रायफल कंपनीत. आणि तिकडे गेलेला माणूस लढाईनंतर मी परत मागायचा नाही. मग क्लॅरिनेट विसर."

"कायमचं?"

"कायमचं. उद्या संध्याकाळपर्यंत परात भरलेली दाखव मला."

विश्रामचा चेहरा पडला. गोळीला भ्याला असं म्हणवत नाही. गोळीचा विचार करायला त्याला सवडच झाली नाही. तो तिथेच आट्याच्या पोत्यावर बसला आणि तोंडातली पत्ती या गालातून त्या गालात फिरवत राहिला. सोमा शेजारी उकिडवा बसून बोटांनी परातीवर ठेका धरत होता. रिकामं भांडं दिसलं की त्याचे हात गप्प बसत नसत.

"धा गे ना ती, ना क धी न," सोमा पुटपुटला.

"परत वाजव," विश्राम म्हणाला.

"आता हेचं काय?"

"वाजव रे."

सोमानं वाजवलं. विश्राम उठून उभा राहिला आणि जागच्या जागी पाय टाकू लागला. मग थांबला, हसला आणि माझ्याकडे वळला. ऐकणारा हवा होता त्याला, आणि मी फुकट बसलो होतो.

"दादा, ठेक्याला दोन अंगं असतात. एक भरलेलं, एक 'खाली', म्हणजे रिकामं. बँडात आमचा डावा पाय नेहमी भरल्या ठोक्यावर. ढोल धाडकन वाजला की डावा. बरोबर?"

"तू म्हणतोस तर बरोबर."

"तर आता सोमाचा डावा 'धा'वर. आणि माझा डावा 'ना'वर. ताल मोडायचाच नाय. दोघांनी एकच ताल धरायचा, पण मी 'खाली'वरून निघायचं. उजव्यानं."

"म्हणजे मी सरळ आणि तू उलटा," सोमा म्हणाला.

"तू ढोलवाला. तुला सरळच राहायला हवं. देवळात ढोल सरळ आणि आमची सनई 'खाली'वरून, हेच करत आलोय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी परात या बांधापासून त्या बांधापर्यंत नेली. सोमा पुढून 'धा' म्हणत होता आणि विश्राम मागून 'ना'. पाणी हललं, सांडलं नाही. मगदूम म्हणाला, "जमलं की रं गड्यांनो!" बारेटो साहेबांनी परातीतल्या पाण्यानं तोंड धुतलं.

मग लढाई सुरू झाली. तिचं वर्णन करायला माझ्याहून लायक माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांनी ते केलेलंही आहे. मी मागे होतो. मागे असलेल्या माणसाला लढाई दिसते ती परत येणाऱ्या गोष्टींवरून. रिकामे डबे परत आले म्हणजे पुढे माणसं जेवली. भरलेले परत आले तर विचारायचं नाही. स्ट्रेचरवाले परत येत, रक्तानं चिकट झालेली कांबळी माझ्यापुढे टाकत, नवी घेत आणि पुन्हा निघत. विश्राम आणि सोमा सगळ्यांत जास्त कांबळी नेत. त्यांच्या स्ट्रेचरवर माणूस ओरडत नाही, अशी कुणकुण कंपन्यांत पसरली होती आणि पडलेले जवान त्यांचीच नावं घेऊन हाका मारत.

एका सकाळी धुकं दाट होतं. पुढच्या कंपनीला चहा आणि पुऱ्या पोचवायला मी स्वतः गेलो. जायला नको होतं असं नाही. एकदा तरी जायलाच हवं होतं, नाहीतर घरी काय सांगणार? परत येताना ओढ्याच्या बांधावर तोफेचा गोळा पडला. चहाची किटली उसात उडाली आणि मी बांधाखाली. उजवी मांडी मध्येच वाकली होती, जिथे माणसाला गुडघा नसतो तिथे.

थोड्या वेळानं धुक्यातून दोन माणसं आली. "कोण आहे रे?" मी म्हणालो.

"दादा!" सोमाचा आवाज. "तुम्ही हो कशाला आलात? आम्हांला कांबळं कोण देणार आता?"

त्यांनी मांडीला फळ्या बांधल्या आणि मला उचललं. जखमी माणूस पायांकडून पुढे नेतात आणि डोकं मागच्या माणसाकडे असतं. म्हणजे मला दिसत होता फक्त विश्राम आणि तोही उलटा. आधी हनुवटी, मग ओठ, वर कुठेतरी डोळे. तो माझ्या तोंडाकडे पाहत चालत होता. ओठांतल्या ओठांत 'ना, ना' चाललं होतं, जणू मी काहीतरी मागतोय आणि तो देत नाही. मध्ये एकदा जवळ गोळा पडला. त्यांनी मला खाली ठेवून अंग टाकलं, पुन्हा उचललं. पुढचं मला विशेष आठवत नाही. दवाखान्यात मी मगदूमला सांगितलं की आणलं तेव्हा मी दात आवळून होतो, तोंडातून आवाज काढला नाही. पुढे मोठ्या इस्पितळातही तेच सांगितलं. शेजारच्या खाटांवरचेही तेच सांगत होते.

मार्चमध्ये मी कुबडी घेऊन छावणीत परतलो. स्टोअरचं काम दुसऱ्याकडे गेलं होतं. मला व्हरांड्यात बाकावर बसून उन्हं खायचं काम होतं. समोरच परेडचं मैदान. वाद्यांच्या पेट्या उघडल्या होत्या आणि विजयाच्या परेडची तालीम चालू होती. मोठे जनरल येणार होते, शहिदांच्या घरची माणसं येणार होती, आणि बारेटो साहेबांची चाल पहिल्यांदाच वाजणार होती.

पहिल्याच दिवशी पाहिलं. बँड निघाला. सोमाच्या ढोलाचा ठोका पडला आणि सगळ्यांचा डावा पाय पुढे आला. क्लॅरिनेटच्या रांगेत मधोमध एक उजवा.

"घडशी!"

बँड थांबला. पुन्हा निघाला. पुन्हा उजवा. विश्राम मध्येच उडी मारून पाय बदलायचा, वीस पावलं नीट जायचा, आणि ओठ क्लॅरिनेटवर स्थिरावले, सूर लागला, की पाय हळूच दुसऱ्या बाजूला सरकायचा. सूर मात्र असा की मैदानाकडेचे न्हावी वस्तरा थांबवून ऐकत.

चार दिवस हेच. बारेटो साहेबांनी त्याला मागे घातलं, कडेला घातलं, वाद्य काढून नुसतं चालवलं. नुसतं चालताना तो नीट चालायचा. वाजवू लागला की उजवा.

"एकतर तू वाजव नाहीतर चाल," साहेब थकून म्हणाले. "आणि माझ्या बँडात दोन्ही लागतं, पुता. जनरल साहेबांसमोर एक माणूस उलट्या पायावर? पलटणीचं नाव जाईल. शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर तुला मेसमध्ये भांड्यांवर पाठवून देतो."

संध्याकाळी विश्राम माझ्या बाकावर येऊन बसला. सोमाही आला.

"माझं काय बिघडलं नाय," सोमा म्हणाला. "मी पुढे होतो. माझा डावा होता तिथेच आहे. हेच खुळ्यासारखं करतंय."

"अरे, डावा टाकायला काय लागतं?" मी म्हणालो. "शेंबडी पोरं टाकतात."

"टाकतो की."

"मग?"

विश्रामनं क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाजवायला लागलो की समोर तोंड येतं, दादा. स्ट्रेचरवरचं. आणि डावा टाकला की ते ओरडतं."

"कुणाचं तोंड?"

"जाऊ द्या."

"कुणाचं रे? मेलं त्यातलं कुणी?"

"तुमचं."

सोमानं जमिनीकडे बघितलं. मी हसलो. "माझं? मी कुठे ओरडलो? दात आवळून होतो मी."

"ओरडलात, दादा."

"शपथ घे."

"आईची शपथ. वाटेत दुसरा गोळा पडला, तुम्हांला खाली ठेवलं. पुन्हा उचललं तेव्हा माझा डावा पडला. सवयीनं. चार पावलं दोघं एका पायावर गेलो. स्ट्रेचर उसळलं. तुम्ही असे ओरडलात की..." तो थांबला. "आमच्याकडे रेडा कापतात ना जत्रेत, तसे. बाकी कुणी आमच्या स्ट्रेचरवर ओरडलं नव्हतं."

"खरं रे, सोम्या?"

"आता खरं काय आणि खोटं काय," सोमा म्हणाला. "तुम्ही नंतर बेशुद्धच होतात."

मी कुबडी उचलली. "चल मैदानात."

"आता?"

"चल म्हणतो ना. मी पुढे चालतो. तू वाजव आणि मागून ये. डावा टाक. बघू मी ओरडतो का."

माणसं हसली असतील. एक लंगडा पुढे कुबडी टेकत चाललाय, मागून एकजण क्लॅरिनेट फुंकतोय आणि तिसरा पोटावर ढोल बांधून ठोका देतोय. मी मुद्दाम ताठ चाललो. मांडीतून कळा येत होत्या; तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि या खेपेला दोन साक्षीदार होते. "बघ! गप्प आहे की नाही?" मी ओरडून विचारत होतो. शुक्रवारपर्यंत हे चाललं. वीस पावलांची चाळीस झाली. मग साठ. साठच्या पुढे काही गेली नाहीत.

शनिवारी बारेटो साहेबांनी पाहिलं आणि ते निघून गेले. मेसमधली भांडी नक्की झाली, असं मी धरून चाललो.

परेडच्या दिवशी मला जखमींच्या खुर्च्यांत बसवलं होतं. अजून कुणी आलं नव्हतं तेव्हाच मंचासमोर, मैदानाच्या पल्याड, चुन्यानं आखलेल्या जागी एकटा माणूस उभा दिसला. पूर्ण पोशाखात, छातीशी क्लॅरिनेट. लोक विचारू लागले, हा कोण? पहारेकरी?

मग बँड आला. ढोल पुढून घुमत, सगळे एका पायावर. क्लॅरिनेटच्या रांगेत मधोमध एक माणूस नव्हता. बारेटो साहेबांनी रांग सांधली नव्हती. माणूस मावेल एवढी जागा तशीच चालवत आणली होती. बँड वळला, मंचासमोर गेला आणि त्या एकट्या उभ्या माणसाभोवती थांबला. ती जागा त्याच्यावर येऊन नेमकी बसली.

चाल सुरू झाली. मध्ये सगळी वाद्यं गप्प झाली आणि विश्रामनं सूर लावला. मला संगीतातलं कळत नाही. एवढं सांगतो की शहिदांच्या घरच्यांच्या खुर्च्यांत एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून छत्रीच्या मुठीवर बोटांची उघडझाप करत होते, त्यांचा हात थांबला.

नंतर जनरल साहेबांनी बारेटोंना जवळ बोलावून विचारलं, "ती रिकामी जागा हुतात्म्यांसाठी ठेवली होती का? फार सुंदर कल्पना."

"यस सर," बारेटो म्हणाले. पुढे ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. वर्तमानपत्रात मात्र छापून आलं.

परेड संपली. बँड वाजवत मैदानाबाहेर गेला, मधली जागा पुन्हा तशीच मोकळी ठेवून. विश्राम चुन्याच्या खुणेवर उभा राहिला. खुर्च्या उचलल्या गेल्या, तंबूच्या दोऱ्या सुटल्या. त्याला कुणी 'चल' म्हणालं नव्हतं, आणि हुकुमाशिवाय हलायचं की नाही, हे त्याला ठरवता येत नसावं.

मी कुबडी टेकत मैदान ओलांडून त्याच्यापाशी गेलो.

"भांडी?" मी विचारलं.

"नाय. साहेब म्हणाले, दर परेडला आधीच येऊन उभा राहायचं." तो क्लॅरिनेटकडे बघत होता. "चालायचं नाय."

"मग बरंच झालं की. बूट झिजत नाहीत."

तो हसला नाही. "बँडवाला चालतो, दादा."

मी कुबडी सावरली. ऊन चढलं होतं. बराकी मैदानाच्या पलीकडे होत्या.

"वाजव काहीतरी," मी म्हणालो आणि वळून चालू लागलो.

मी दहाबारा पावलं गेलो. मग मागून सूर आला आणि त्याच्याबरोबर बूट. तो माझ्या मागोमाग येत होता. मी ताठ चालत राहिलो. कोणता पाय टाकतोय, ते मी मागे वळून पाहिलं नाही.